काचेवरचं तेल

काकाजी, तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. दुकान मी चौदाव्या दिवशी उघडलं. काकूंनीच सांगितलं, "उघड वं आता. बंद दार त्याईले कधी आवडलं नाही." तेव्हापासून रोज कोणी ना कोणी पायरीवर उभं राहतं आणि आत डोकावून विचारतं, "मास्तर नाही आले आज?" पहिल्या दोघांना मी नीट सांगितलं. तिसऱ्यापासून नुसती मान हलवते. लोकांना कळतं. चपला घालून निमूट परत जातात.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या. जन्म कुठला, फौजेत किती वर्षं, मागे कोण. त्यात माझं नाव नव्हतं, आणि नसायलाच हवं होतं. मी तुमची कोणी लागत नाही. पण सतरा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण काचा पुसल्या. ते लिहिणारं दुसरं कोणी नाही. शिवाय तुमच्याशी भांडायचं राहिलं आहे. ते आता असंच भांडावं लागणार.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मॅट्रिक होऊन वर्ष झालं होतं. आम्ही नागपूरच्या इंदोऱ्याचे. बाबा गिरणीत, आई घरी विड्या वळायची आणि शाळा सुटली की मीही तिच्यासोबत बसायची. छप्पन साली बाबा आम्हाला सगळ्यांना घेऊन दीक्षेला गेले, त्यानंतर त्यांनी एकच गोष्ट धरली, की पोरगी नोकरी करील. बर्डीवरच्या गल्लीत दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात हाताखाली माणूस पाहिजे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. माणूस म्हणजे पुरुष, हे सांगणाऱ्यानं गृहीत धरलं होतं. बाबांनी धरलं नाही.

तुम्ही आडनाव विचारलं नाही, हे बाबांनी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं. तुम्ही माझे हात मागितले. तळवे पाहिले, मग बोटांची टोकं पाहिली.

"विड्या वळतं का वं?"

मला वाटलं, हे कमीपणाचं काढून राहिले. मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, "वळते. मंग?"

"तेंदूचं पान किती दाबलं का फाटते, हे तुह्या बोटाले माहीत हाय," तुम्ही म्हणालात. "ते शिकवता येत नाही. बाकी सगळं मी शिकवतो."

आणि तुम्ही शिकवलंत. मेडिकल कॉलेजचे मायक्रोस्कोप, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी, कोण्या रिटायर साहेबाची पक्षी पाहायची दुर्बीण. हिवाळा लागला की शिकारी यायचे. तेव्हा शिकारीवर बंदी नव्हती. रायफलीवर बसवलेली लांब काळी दुर्बीण घेऊन ते लोक टेबलाशी बसत आणि तुम्ही त्यांना तुमच्या पद्धतीनं वागायला लावायचे. कितीही मोठा माणूस असो, मालक समोर बसल्याशिवाय तुम्ही रायफलीला हात लावत नव्हतात. आधी बोल्ट, गोळी आत सारणारा तो दांडा, बाहेर काढून टेबलावर ठेवायला सांगायचे. मग आत गोळी उरली नाही ना, हे वाकून पाहायचे, करंगळी घालून पाहायचे. नळीचं तोंड कोऱ्या भिंतीकडे. एकदा एक गृहस्थ चिडले. "खाली हाय म्हणून सांगतलं ना मास्तर," म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "फौजेत जो माणूस खाली हाय म्हणे, त्याचीच बंदूक मी दोनदा पाहो."

आणि मग काच. ती तुम्ही मला कितीदा सांगितली असेल. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवायची. तोंडानं फुंकायचं नाही, फुंकरीसोबत थुंकीचे शिंतोडे जातात. मग मऊ केसांचा ब्रश, त्याला बोट लावायचं नाही. धूळ गेल्याशिवाय कापड लावायचं नाही. "धूळ म्हंजे रेती," तुम्ही म्हणायचे, "कोरडं पुसलं का काचेवर कानस मारली समज." काचेवरची ती निळी-जांभळी झाक हा रंग नाही, तो एक पातळ लेप आहे, आणि तो एकदा खरवडला की परत येत नाही. स्पिरिटचे दोन थेंब कापडावर, काचेवर कधीच नाही. काचेवर टाकले तर कडेनं आत उतरतात. मधून सुरू करून गोल गोल बाहेर यायचं, हात विडीच्या पानावर ठेवल्यासारखा. एकदा वापरलेली घडी पुन्हा काचेला लावायची नाही. दुर्बिणीचा एकही स्क्रू उघडायचा नाही, एकदा आत दमट हवा गेली की बाहेरून कितीही पुसा.

कापडाचे दोन डबे होते. एक काचेचा, एक तेलाचा. दोन्हींतलं कापड काकूंच्या जुन्या मलमली पातळांचं, कापून, उकळून, वाळवून ठेवलेलं. तेलाच्या डब्यातली कापडं आपण स्क्रू आणि लोखंड पुसायला वापरायचो आणि तीही धुवायचो. पण धुतल्यावरसुद्धा ती काचेच्या डब्यात जायची नाहीत. "तेल धागा सोडत नाही," असं तुम्ही म्हणालात, आणि मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

त्या दिवसाचं तुम्हाला मी तेव्हाच सांगितलं होतं. तरी पुन्हा लिहिते.

मला दुकानात दोन वर्षं झाली होती. तुम्ही मेडिकल कॉलेजात गेला होता, तिथला एक मोठा मायक्रोस्कोप जागेवरून हलवता येत नव्हता म्हणून. दुपारी ते ठेकेदार साहेब आले, बाहेर जीप चालूच ठेवून. भिवापूरकडच्या एका खेड्यात बिबट बकऱ्या उचलत होता, गावकऱ्यांनी त्यांना बोलावलं होतं आणि ऊन उतरायच्या आत मचाणावर चढायचं होतं. दुर्बिणीवर रस्त्याची धूळ बसली होती. मास्तर नाहीत म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तू पूस. दोन मिनिटांचं काम आहे."

मी बोल्ट काढायला लावला. आत पाहिलं. धूळ उडवली, ब्रश फिरवला. काचेचा डबा उघडला तर रिकामा. तेलाच्या डब्यात सगळ्यात वर एक धुतलेली घडी होती, पांढरीशुभ्र. साहेब घड्याळ पाहत होते. मी ती घडी घेतली, स्पिरिटचे दोन थेंब टाकले आणि दोन्ही काचा पुसून दिल्या. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या लखलखीत दिसल्या. साहेब खूश होऊन गेले.

चौथ्या दिवशी ते परत आले. या वेळी जीप बंद होती आणि तुम्ही दुकानात होता. त्यांनी रायफल टेबलावर ठेवली, बोल्ट काढला आणि बसलेही नाहीत.

"काय पुसलं तुम्ही मास्तर? समोर ऊन होतं आणि आत सगळं पांढरं. काही म्हणजे काही दिसलं नाही मला."

बार लागला होता, पण पोटात लागला होता. जखमी बिबट झुडपात शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा वाट काढणारा सोमाजी रक्ताचे थेंब पाहत पुढे गेला आणि बिबट त्याच्यावर आला. लोकांनी कुऱ्हाडींनी बिबट मारला, तोवर त्यानं सोमाजीचा उजवा हात चावून टाकला होता. साहेबांनीच त्याला जीपमध्ये घालून नागपूरला आणलं. डॉक्टरांनी कोपराच्या वरून हात काढला.

तुम्ही दुर्बीण खिडकीकडे धरली, जरा तिरपी केली, आणि बस. तुम्हाला एवढंच लागलं. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तेल हाय काचेवर," तुम्ही म्हणालात. "माझ्या हातून झालं साहेब. कापड चुकलं."

"पण तुम्ही तर नव्हते त्या दिवशी."

"दुकान माझं हाय. कापड मी धुतो, डबे मी भरतो. माझ्याच हातून झालं."

साहेब खूप बोलले. तुम्ही ऐकून घेतलं. मग तुम्ही त्यांच्या देखत ती काच पुन्हा पुसलीत, सगळ्या पायऱ्या करून, घाई न करता. ते गेल्यावर मी म्हटलं, "काकाजी, मी पुसली होती."

"माहीत हाय मले."

"मंग काहून खोटं बोलले?"

"खोटं नाही बोललो. डबा रिकामा कोणं ठेवला? मीच ना." आणि थोड्या वेळानं, "बस वं. तो मायक्रोस्कोप राहिला हाय, तो घे."

एवढंच. रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं, हे तुम्हाला कधी कळलं की नाही कोण जाणे. घरी जाऊन मी आईला काही सांगितलं नाही. जेवताना माझा उजवा हात मला दिसत राहिला.

पुढचे दोन महिने तुम्ही दर रविवारी दवाखान्यात जात होता. तिसऱ्या रविवारी मला म्हणालात, "चाल." मी आले. व्हरांड्यापर्यंत आले. वॉर्डाच्या दारातून एक पलंग दिसत होता, त्यावर कोणीतरी पाठ करून झोपलेलं. माझ्याच्यानं पुढे जाववेना. तुम्ही एकटे आत गेलात, स्टूल ओढून बसलात. मी भिंतीला टेकून उभी राहिले, अर्धा तास असेल. बाहेर आलात तेव्हा तुमचा चेहरा वेगळा होता. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काई नाही. दुखून राहिलं म्हणे."

आपण पायी बर्डीपर्यंत आलो.

त्यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं. भांडण कसलं, एकच वाक्य तुम्ही म्हणायचे आणि एकच मी. कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानं, काही कारणानं विषय निघायचा. तुम्ही म्हणायचे, "दिसत नसन तं घोडा दाबायचा नाही. तेल होतं, मान्य. पण तेलानं बार नाही केला." मी म्हणायची, "तेल नसतं तर दिसलं असतं." तुम्ही म्हणायचे, "दिसलं नाही तं उतरून घरी यायचं." मी म्हणायची, "पण काकाजी, तेल नसतं तर." मग तुम्ही फुगा उचलून कुठल्यातरी काचेवर दोनदा दाबायचे आणि विषय संपायचा. मला वाटायचं, तुम्ही माझं मन राखायला साहेबांवर ढकलता. त्यामुळे तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी मला ते घेता यायचं नाही.

मी रायफलीच्या दुर्बिणी पुसणं सोडलं. तुम्हाला स्पष्ट सांगितलं, की मायक्रोस्कोप करीन, मोजणीच्या दुर्बिणी करीन, पण बंदुकीची काच मला देऊ नका. तुम्ही जोर केला नाहीत. शिकारी आले की मी उठून मागच्या खोलीत जायची आणि कापडं उकळायची. डबा कधीच रिकामा राहू द्यायचा नाही, हे काम मी माझ्याकडे घेतलं ते अजून माझ्याकडेच आहे.

वर्षातून एकदा, संक्रांत झाली की तुम्ही भिवापूरची बस धरायचे. सोमाजीकडे जायचे, संध्याकाळी परत यायचे. पहिल्या वर्षी मला विचारलंत. मी काहीतरी निमित्त सांगितलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलंत, पुन्हा निमित्त. मग तुम्ही विचारणं सोडलं, फक्त आल्यावर सांगायचे. सोमाजी डाव्या हातानं कुऱ्हाड चालवायला शिकला. सोमाजीची पोरगी शाळेत जाते. सोमाजीला गावातले लोक अजूनही जंगलात वाट काढायला नेतात, पुढे चालवतात. हे शेवटचं तुम्ही दरवर्षी सांगायचे आणि त्यात तुम्हाला कसला एवढा आनंद होतो, हे मला कळायचं नाही.

शिकारबंदी आली आणि रायफली येणं जवळजवळ थांबलं. मला सुटल्यासारखं झालं. वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगा झाला. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी मी परत आले तर तुम्ही माझ्या खुर्चीवर नवीन गादी घालून ठेवली होती. मेडिकल कॉलेजातून चपराशी यायचा आणि म्हणायचा, बाईंना पाठवा. तुम्ही मुद्दाम मला ऐकू जाईल असं विचारायचे, "कोणत्या बाईले? हे इथं तं मास्तरीण बसते."

मग तुमचे हात थरथरायला लागले. आधी डावा, मग उजवा. चहाची बशी वाजायची म्हणून तुम्ही कपातूनच चहा प्यायला लागलात. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची आणि तुम्हाला ते समजायचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रायफल क्लबाच्या मुली आल्या होत्या, कागदाच्या निशाणावर मारणाऱ्या. त्यांची मुंबईला स्पर्धा होती. त्यांच्यातल्या एकीनं रायफल टेबलावर ठेवली, दुर्बिणीवर अंगठ्याचा ठसा होता. मी सवयीनं उठले. तुम्ही फुगा हातात घेतला, काचेजवळ नेला, आणि हात इतका हलला की फुग्याचं टोक काचेवर टेकायला आलं. तुम्ही हात मागे घेतलात. फुगा माझ्या जागेसमोर ठेवलात.

"तू कर."

"काकाजी, मी नाही करत ते."

"माहीत हाय. तू कर."

त्या मुली आपल्या दोघांकडे पाहत होत्या. मी बसले. बोल्ट काढायला सांगितला, आत वाकून पाहिलं, करंगळी घातली. नळी भिंतीकडे वळवली. फुगा. ब्रश. काचेच्या डब्यातून घडी काढली, नाकाशी नेऊन वास घेतला. हे मी करते, तुम्ही करत नव्हता. दोन थेंब स्पिरिट. मधून बाहेर, गोल. घडी बदलली. पुन्हा एकदा, कोरड्यानं. मग उठून खिडकीशी गेले आणि दुर्बीण उजेडाकडे तिरपी धरून पाहिली. खूप वेळ पाहिली. ठशाची रेघ नाही, पापुद्रा नाही, झाक जशीच्या तशी. मी परत येऊन रायफल तुमच्यासमोर ठेवली, तपासायला.

तुम्ही तपासली नाहीत. सरळ त्या मुलीला म्हणालात, "घेऊन जा बेटा. झालं."

त्या दिवशी मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी चहा ठेवायला मागे गेले.

तुम्ही गेलात ते सकाळी, अंघोळ करून, दुकानात यायला निघताना. काकू सांगतात, चपलेत एक पाय होता. घाटावर मी लांब उभी होते. तेरवीला मात्र काकूंनी मला सकाळपासून बोलावलं होतं, आणि मी भांडी मांडत होते तेव्हा फाटकातून एक उंच, वाळलेला माणूस आत आला. डोक्याला पांढरं मुंडासं, सदऱ्याची उजवी बाही वर दुमडून सेफ्टीपिन लावलेली. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

काकूंनीच आणलं त्यांना माझ्याजवळ. म्हणाल्या, "हे सोमाजी. हे आमची सुमन, त्याईच्या सोबत दुकानात काम करते."

सोमाजींनी डावा हात छातीशी नेऊन नमस्कार केला. "मास्तर लय सांगत तुमचं," म्हणाले. "मले वाटे, एखाद्या वर्षी येसान सोबत."

मी पुन्हा भांड्यांकडे वळले. पंगत उठल्यावर ते लिंबाखालच्या बाजेवर बसले होते. मी पाणी घेऊन गेले आणि तिथेच खाली बसले. म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. पण तेच आधी बोलायला लागले.

"मास्तर गेले, तं आता सांगाले हरकत नाही," ते म्हणाले. "इतके दिवस त्याईनं माहा शबूद पाळला. दवाखान्यात आले होते ते माह्यापाशी. म्हणे, सोमाजी, दुर्बीण माझ्या हातून चुकीची पुसल्या गेली, तुमचा हात माझ्यानं गेला. असा माणूस मी पाह्यला नव्हता बाई. साहेब बी नाही म्हणाले तसं. त्याईनं कबूल केलं, म्हणून मंग मी बी कबूल केलं."

"तुम्ही काय कबूल केलं?"

"मचाणावर मी साहेबाच्या बाजूलेच होतो. साहेब बार करत नव्हते," सोमाजी म्हणाले. "डोळा लावला आन् म्हणे, सोमा, मले तं सगळं दुधावानी दिसून राहिलं. सूर्य टेकडीमागं जाऊ दे, मंग पाहू. मीच म्हटलं त्याईले. म्हटलं, साहेब, आडवा उभा हाय, चालवा, निघून जाईन. तीन बकऱ्या माह्या घरच्या नेल्या होत्या त्यानं. मले राग होता. उन्हाकडं तोंड करून बार करू नये, हे मले साहेबाहून जास्त समजे. तरी म्हटलं."

लिंबाखाली कोणी नव्हतं. आत भांड्यांचा आवाज येत होता.

"मास्तरले मी हात जोडले," ते म्हणाले, आणि मग स्वतःच्या त्या शब्दांवर जरा थांबले. "म्हंजे एकच हात. म्हटलं, हे कोणाले सांगू नका. गावात मी वाट काढणारा. लोक माह्या मागं जंगलात येतात. हात तं गेला. हे बी गेलं तं माह्यापाशी काय राह्यते? ते म्हणे, नाही सांगत. कोणालेच नाही."

कोणालाच नाही. मलाही नाही.

काकाजी, तो तिसरा रविवारच असणार, तुमचा चेहरा वेगळा दिसला होता तो. मी वीस पावलांवर भिंतीला टेकून उभी होते. आणि बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, दुखून राहिलं म्हणे.

मला राग आला, खरं सांगते. तुमच्या तेरवीच्या दिवशी, तुमच्या अंगणात बसून मला तुमचा राग आला. चौदा-पंधरा वर्षं तुम्ही पाहत होता मी कशी त्या डब्यांपाशी घोटाळते ते. दोन शब्दांत मोकळी झाले असते. सोमाजीचं नाव न घेता सांगता आलं असतं, नुसतं इतकंच, की सुमन, साहेब थांबणार होते. मी कोणाला सांगायला जाणार होते? आता कळतं, की दर वेळी साहेबांवर ढकलताना तुम्ही अर्धंच बोलत होता आणि उरलेलं गिळत होता. ते तुम्हालाही सोपं गेलं नसेल. तरी मला वाटतं, तुम्ही सांगायला हवं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, शब्द दिला होता. आणि मी म्हटलं असतं, तुम्ही मलाही काहीतरी द्यायला हवं होतं ना. यातलं कोण बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या वेळी सोमाजी माझ्याकडे पाहत होते. त्यांना अजूनही वाटत होतं, काच तुम्ही पुसली.

मी सांगितलं. म्हटलं, "सोमाजी, ती काच मास्तरांनी नाही पुसली. मी पुसली. ते त्या दिवशी दुकानात नव्हते." आणि मग जे मी तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं, तेही तोंडातून निघालं. पुसून झाल्यावर रायफल परत देताना दुर्बीण जरा तिरपी झाली, दारातला उजेड तिच्यावर पडला आणि मला काचेच्या कडेला रंग दिसले, डबक्यात तेल पडल्यावर दिसतात तसे. अगदी पुसट. मला दिसले, काकाजी. कापड चुकलं हे मला तेव्हाच कळलं. साहेबांनी हात पुढे केला होता. थांबा, पुन्हा पुसते, एवढं म्हणायचं होतं. पुन्हा पुसायला पाच मिनिटं लागली असती. मी रायफल त्यांच्या हातात दिली.

तुम्हाला मी कापडाचं सांगितलं. हे सांगितलं नाही. चूक माफ होते, हे तुम्ही दाखवलं होतं. दिसून गप्प बसणं माफ होतं का, हे विचारायची मला हिंमत नव्हती.

सोमाजींनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्यावर घातलं. मग म्हणाले, "तुम्ही तवा केवढ्या होत्या?"

"वीस वर्षांची."

"मी बत्तीसचा होतो," ते म्हणाले.

मी रडले, ते त्यांनी रडू दिलं.

मी मनाशी मोजलं तेव्हा. दिसत नसताना घोडा दाबणारे साहेब, चालवा म्हणणारे सोमाजी, आणि दिसूनही गप्प राहिलेली मी. आम्ही तिघं. चौथे तुम्ही, जे त्या दिवशी मेडिकल कॉलेजात होता. कबूल मात्र सगळ्यांत आधी तुम्ही केलं.

चार वाजता त्यांची बस होती. काकू म्हणाल्या, कोणाला तरी सोबत पाठवते. मी म्हटलं, मी जाते. आम्ही पायीच गेलो. वाटेत त्यांनी मला त्यांच्या पोरीचं सांगितलं, ती आता शाळेत शिकवते, आणि मी त्यांना मुलाचं सांगितलं. बस भरून आली होती. पायरी उंच होती आणि मागून लोक ढकलत होते. त्यांनी चढताना डावा हात मागे केला, आधाराला. तो मी धरला, आणि ते वर चढेपर्यंत सोडला नाही.

हे तुम्हाला सांगायचं होतं.